भावनगर ते कोसबाड : उलट्या दिशेची वाटचाल

डी.एड.ला असताना ‘ताराबाई मोडक’ ही आम्हाला पाच मार्कांची टीप होती. जन्म १८९२, गिजुभाई बधेकांच्या सहकारी, पद्मभूषण १९६२, अंगणवाडीची कल्पना, मृत्यू १९७३. एवढं घोकलं की साडेतीन मार्क कुठे जात नसत. ‘अनुताई वाघ’ ही त्याच्या खालची टीप. पेपरात दोघींपैकी एकच येते, अशी पक्की खबर असायची. त्यामुळे वर्गातल्या निम्म्या मुलींनी एकीला आणि उरलेल्यांनी दुसरीला ऑप्शनला टाकलेलं होतं. मी अनुताईंना टाकलं होतं. पुढे नोकरीला लागल्यावर ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन हातात पडलं, तेव्हा आपण काय ऑप्शनला टाकलं होतं ते कळलं.

या दोघींची संस्था म्हणजे नूतन बाल शिक्षण संघ. १९२६ साली भावनगरला स्थापन झाली, म्हणजे २०२६ हे तिचं शताब्दीचं वर्ष. आपल्याकडे शाळांच्या स्मरणिका निघतात, त्यांत वाटचालीचा एक ठरलेला लेख असतो. सुरुवातीला कुणाच्या तरी वाड्यातल्या दोन खोल्या, मग पत्र्याची शेड, मग देणगीदार, मग स्वतःची दुमजली वास्तू, रौप्यमहोत्सवाला सभागृह आणि सुवर्णमहोत्सवाला संगणक कक्ष. या संस्थेचा प्रवास मात्र नेमका उलटा झाला. संस्थानी शहरातल्या देखण्या बालमंदिरातून ती निघाली आणि मुंबईमार्गे एका किनाऱ्यावरच्या खेड्यात आली. तिथून वस्तीच्या अंगणात, पुढे टेकडीवर आणि शेवटी गुरं चरतात त्या कुरणात पोचली. दर मुक्कामाला इमारत थोडी कमी होत गेली. स्मरणिकेच्या हिशेबात याला प्रगती म्हणता येईल की नाही, मला शंका आहे.

भावनगरचं दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन नानाभाई भट्टांनी १९१० मध्ये सुरू केलं होतं. गिजुभाई तिथे १९१६ मध्ये दाखल झाले. मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याला वाढवायचं कसं हे शोधता शोधता माँटेसोरीबाईंच्या पुस्तकापाशी पोचले आणि मग कोर्टाकडे परत फिरकले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर काढलं. या मिशाळ माणसाला गुजरातेत लोक ‘मूछाळी मा’ म्हणत, यावरून काय ते समजावं.

ताराबाई तिथे आल्या १९२३ मध्ये. त्यांचं तोवरचं आयुष्य त्या काळच्या बाईच्या मानाने दोनदा उलटंपालटं झालेलं होतं. प्रार्थनासमाजी घरातला जन्म, १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए., अमरावतीच्या एका वकिलाशी लग्न आणि १९२१ मध्ये घटस्फोट. शंभर वर्षांपूर्वीचा घटस्फोट, पदरात लहान मुलगी. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी होती. मान, पगार, बंगला. गिजुभाईंचं काम पाहून त्यांनी ती सोडली आणि भावनगरला जाऊन अडीच-तीन वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसल्या. आज एखाद्या प्राचार्यांनी बालवाडीत बदली मागितली, तर आधी त्यांच्या प्रकृतीची चौकशी होईल.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. नुसत्या शाळा काढून भागणार नाही, शाळेत उभं राहणारं माणूस घडवायला हवं, हे दोघांनाही दिसत होतं. म्हणून अध्यापन मंदिर निघालं, म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. ताराबाई मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं आणि त्याला जोडून शिक्षिकांचं प्रशिक्षणही. आज दादरची आजी नातवाला त्या फाटकाशी सोडते तेव्हा भावनगरचा काही उल्लेख होत नाही. व्हायलाच हवा असंही नाही.

१९३९ मध्ये गिजुभाई गेले. सगळा भार ताराबाईंवर आला. काम नीट चाललेलं होतं, आणि नेमकी तीच अडचण झाली. शिशुविहारात येणारी मुलं होती ती फी भरू शकणाऱ्यांची, वेळेवर अंघोळ झालेली, इस्त्रीच्या कपड्यांतली. माँटेसोरी पद्धतीची साधनंही रेखीव, सुताराकडून मापात करून घ्यावी लागणारी. लाकडी दट्ट्ये, रंगीत पट्ट्या, घासून गुळगुळीत केलेले ठोकळे. एक संच करायचा तरी खर्च बराच. गांधीजींच्या नई तालीमचा आग्रह होता की शिक्षण खेड्यात गेलं पाहिजे आणि खेड्याच्या ऐपतीत बसलं पाहिजे. ज्या माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब मजूरवस्तीत पहिलं बालगृह उघडलं, त्यांची पद्धत हिंदुस्थानात येता येता सुखवस्तूंची झाली होती. ताराबाईंना हे टोचत होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा बाकीची माणसं पेन्शनचे कागद जुळवतात, तेव्हा त्यांनी दादर सोडलं.

बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचं, आताच्या पालघर जिल्ह्याचं, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं किनाऱ्यावरचं गाव. घोलवड स्टेशनला उतरायचं. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, ओहोटीला लांबवर सरकणारा समुद्र. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा १९२० पासून तिथे होती आणि आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक आदिवासींमध्ये काम करत होते. या गावात १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाईंबरोबर होत्या अनुताई वाघ.

अनुताईंविषयी जरा थांबून सांगितलं पाहिजे. १९१० मध्ये मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी ठरून गेलेलं असे. घरच्यांनी मात्र तिला शिकू दिलं. ट्रेनिंग कॉलेज करून १९२९ मध्ये चांदवड भागात मास्तरीण म्हणून नोकरी धरली. १९३३ मध्ये पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्रशाळेत बसून स्वतः शिकायचं, असं करून १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. हुजूरपागेतली पक्की नोकरी, पुण्यासारखं गाव, अकरा-बारा वर्षांची सेवा. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. बोर्डीला येणारं कुणी आहे का, असा प्रश्न होता. अनुताई आल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं, मरेपर्यंत, त्या भागाच्याच राहिल्या. शिक्षण मात्र तिथेही सुटलं नाही. बी.ए. झाल्या १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी.

करिअर हा शब्द मला या दोघींसाठी वापरवत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही. त्याग म्हणावं तर त्या मानसन्मान सोडून रडत आलेल्या नव्हत्या. दोघींच्याही संसाराची वाट बंद झालेली होती आणि दोघींनाही शिकवण्याची जबरी हौस होती. हौस हाच शब्द बरा. ध्येयवाद म्हटलं की माणसं हार घालून मोकळी होतात.

बोर्डीत बालवाडी उघडली आणि पहिली शिकवण शिक्षिकांनाच मिळाली. गावातली बरी परिस्थिती असलेली मुलं आली. ज्यांच्यासाठी एवढा उपद्व्याप केला होता, ती हरिजन वस्तीतली आणि पाड्यांवरची मुलं आलीच नाहीत. बोलावलं तरी येईनात. कारणं अगदी साधी होती. आई उजाडायच्या आत मजुरीला गेलेली, मुलाला अंघोळ घालून हाताला धरून आणणार कोण? अंगात कपडा नाही. गावातून जायचं तर जातीची नजर. आणि कुणीतरी आपल्याला शिकवणार आहे, याचं तीन वर्षांच्या पोराला काय पडलंय?

इथे नेहमीची संस्था अहवालात ‘पालकांची उदासीनता’ असं लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळते. मीही असे अहवाल लिहिलेले आहेत. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी, आणि ही अंगणातली. अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला, तो या साध्या स्थलांतरातून आलेला आहे.

अंगणातली सकाळ कशी होती? शिक्षिका पिशवी घेऊन वस्तीत जाते. कुणाचं तरी अंगण मोकळं असतं ते आधी झाडून घ्यायचं. पोरं दुरून बघत असतात, एखादं धिटुकलं जवळ येतं. पाणी काढायचं, एकेकाचे हातपाय, तोंड धुवायचं, नखं काढायची, केस विंचरायचे. शिकवणं याच्यानंतर नाही, शिकवणं इथेच सुरू झालेलं असतं. बोटं मोजता मोजता नखं निघतात आणि डावा-उजवा पाय धुता धुता कळतो. मग गाणं, मग गोष्ट, मग हातांना काम. मोठ्या मुली कडेवर भावंडं घेऊन कुंपणाशी उभ्या. त्यांना हाकलायचं नाही, कारण उद्या त्याच इतरांना बोलावून आणणार असतात. वेळ वस्तीच्या सोयीची, आणि पोरांना भूक लागली की वर्ग संपला.

साधनांचा प्रश्न समुद्राने आणि रानाने सोडवला. शिंपले, शंख, बिया, पानं, खडे, काटक्या, कुंभाराकडची छोटी मडकी. लहान-मोठं लावायला मापातले लाकडी दट्ट्येच लागतात असं नाही, शिंपल्यांची उतरंड लागते. खरखरीत आणि गुळगुळीत कळायला सागाचं पान आणि केळीचं पान पुरतं. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. साधन फुकट आहे एवढ्यावर हे भागत नाही; माँटेसोरीचं साधन का तसं आहे, त्यातून मुलाच्या हाताला आणि डोळ्याला काय मिळतं, हे ज्याला नेमकं कळलंय तोच ते शिंपल्यात शोधू शकतो. भावनगर आणि दादरची वीस वर्षं या शिंपल्यामागे होती. नाहीतर आपल्याकडे ‘परिसरातील साधनांचा वापर’ या नावाखाली टाकाऊ बाटल्यांच्या झाकणांची तोरणं भिंतीवर लागतात आणि मुलं त्यांना हातही लावू शकत नाहीत.

त्याच १९४५ च्या सुमारास, त्याच पट्ट्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकर वारली आदिवासींना वेठीविरुद्ध उभं करत होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला. एकीकडे जमीनदार आणि सावकाराशी थेट टक्कर, दुसरीकडे अंगणात नखं काढणं. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि अनुताईंचं आत्मकथन एकापाठोपाठ एक वाचलं तर एकाच डोंगराच्या दोन बाजू दिसतात. बालशिक्षणवाल्यांनी जमिनीच्या प्रश्नाला हात घातला नाही, हा आक्षेप कुणी घेतला तर मी तो खोडून काढणार नाही. वेठीला जाणाऱ्या बापाचं पोर शिंपले मोजून सुटत नाही. पण वेठ गेल्यावर त्या पोराला पुढे काही वाचायचं असेल, तर कुणीतरी त्याच्याबरोबर शिंपले मोजलेले असावे लागतात, हेही तितकंच खरं.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडला गेलं. समुद्र सोडून आत, टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांच्या अधिक जवळ. बोर्डी निदान स्टेशनजवळचं, शिकल्यासवरलेल्या माणसांचं गाव होतं. कोसबाडला रान, चढ आणि विखुरलेली झोपडी-झोपडी. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या.

टेकडीवर आल्यावर अडचणी नव्या रूपात भेटल्या. बालवाडीत मुलं येऊ लागली, पण सहा-सात वर्षांच्या पुढची शाळेत टिकेनात. मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. ठीक आहे, मग पाळणाघर काढा आणि शाळेला लागूनच काढा. मुलगी भावंडाला पाळण्यात ठेवते, पलीकडच्या खोलीत पाढे म्हणते आणि रडण्याचा आवाज आला की उठून बघून येते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात, एकमेकींना चिकटून. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा सलग पायाभूत टप्पा मांडला तेव्हा केवढी भाषणं झाली. कोसबाडला ती भिंत पाच-सहा दशकं आधीच पाडलेली होती. तीही एका वारली मुलीच्या कडेवरच्या भावामुळे.

मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे जातो. याला पाळणाघराचा इलाज चालेना. गुरं काही पाळण्यात ठेवता येत नाहीत. मग शिक्षकच गुरांमागे निघाला. ही कुरणशाळा. खांद्याला पिशवी, पिशवीत पाटी, खडू, तक्ते, पुस्तकं. मुलं गुरं सोडून झाडाखाली जमायची. एक डोळा पुस्तकात, एक डोळा गुरांवर. जनावर कुणाच्या शेतात शिरलं की पहारा असलेला पोर उठून पळायचा आणि परत येऊन पुढची ओळ वाचायचा. झाड, गवत, पाखरं, ओढा हा विषय बाहेरून आणावा लागत नव्हता. त्यात पुष्कळदा मुलांनाच शिक्षकापेक्षा जास्त माहिती असे. पावसात, भाताच्या आवणीत, गवत कापणीच्या हंगामात हजेरी ढासळायची. कुरणशाळा सर्वत्र फोफावली असं झालं नाही, आणि ती शासकीय वेळापत्रकात कधी बसली नसतीच. पण शाळेने मुलापर्यंत जायचं तर किती लांब जायचं, याचं उत्तर तिने एकदाचं देऊन ठेवलं.

या सगळ्याला माणसं लागत होती. कोसबाडला बालसेविकांचं प्रशिक्षण चाले. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या, पुष्कळदा घरातून बाहेर पडायची हीच पहिली वेळ असलेल्या बायका. त्यांना मुलांचं मानसशास्त्र शिकवायचं आणि त्याच वेळी परक्या अंगणात पहिल्या दिवशी कसं बसायचं तेही. अनुताईंची खरी मातब्बरी मला इथे दिसते. कल्पना सुचलेली माणसं पुष्कळ असतात. ती कल्पना चौथी-सातवी शिकलेल्या बाईच्या हातात सुखरूप सोपवणारी विरळा.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अनुताईंनी आणखी एकोणीस वर्षं टेकडी सांभाळली. प्रशिक्षण, शिक्षणपत्रिका, पाड्यांवरच्या बालवाड्या, बायकांची संघटना. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. डहाणूच्या मातीत रमेश पानसे यांच्या ग्राममंगलसारखं कामही उभं राहिलं, त्याची वाट या टेकडीवरूनच गेलेली आहे.

ताराबाई गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. आरंभी तेहतीस प्रकल्प. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण. केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशातल्या प्रत्येक भाषेत गेला. शब्द गेला, त्यातलं अंगण मात्र वाटेत सुटलं. आता अंगणवाडी म्हणजे ठरावीक मापाची खोली, ठरावीक वेळ, आणि मोबाईलवर भरायची माहिती. वजन, उंची, आहार, आधार. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत बाई मुलांशी छान बोलत होत्या, आणि दर दहा मिनिटांनी रेंज यावी म्हणून फोन घेऊन दारात जात होत्या. पोरं त्यांच्या मागे दारापर्यंत जायची, परत यायची. तोही एक खेळच झाला होता. दोष त्या बाईंचा नव्हता.

एक शब्द तेवढा कोसबाडहून निघाला तो अजून तसाच आहे, सेविका. अनुताईंच्या तोंडी ‘बालसेविका’ या शब्दाला मान होता. योजनेने तो उचलला आणि त्याचा अर्थ सोयीने घेतला. अंगणवाडी सेविका ही सरकारच्या लेखी मानसेवी. तिला वेतन नसतं, मानधन असतं. ग्रॅच्युइटीचा तिला हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘पोषण आहार बंद’ अशी काळजी व्यक्त झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिकणं थांबलं असं कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

राजकोटचं प्राचार्यपद सोडून ज्या बाई या वयाच्या मुलांपाशी बसल्या, त्यांच्या लेखी हेच सर्वांत अवघड आणि सर्वांत वरचं शिक्षकाचं काम होतं. शताब्दीच्या वर्षात भाषणं होतील, विशेषांक निघतील, तसबिरींना हार पडतील. ते सगळं व्हावं. त्याबरोबर आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत एकदा जाऊन यावं, तिथल्या बाईंना सेविका न म्हणता बाई म्हणावं, आणि महिन्याला त्यांच्या हातात किती पडतं ते विचारावं. त्या सांगतात.